हौदाकाठचा कूलर

जुना आहे हे माझ्याकडे बघूनच कळतं, मित्रांनो. कूलर आहे हे मात्र हल्ली सांगावं लागतं. अंगावर चुन्याची एवढी पुटं चढली आहेत की मागे एक पाहुणा मला कोंबड्यांचं खुराडं समजला आणि आत वाकून "कुकुक् कुकुक्" करून गेला. मी रागावलो नाही. उलट आतून एक घरघर देऊन त्याचं समाधान केलं. तो घरी जाऊन काय सांगत असेल कुणास ठाऊक.

माझी शरीरयष्टी साधी. चार पत्रे, तीन बाजूंना लाकडाच्या कुरळ्या तंतूंच्या ताट्या, पोटात पंखा, तळाशी पाणी आणि त्या पाण्यात बसलेला मुठीएवढा पंप. पंप पाणी वर चढवतो, ते ताट्यांवरून झिरपत खाली येतं, पंखा ओल्या ताट्यांतून वारा ओढतो आणि वारा गार होतो. एवढीच माझी विद्या. बाकी मी जे सांगेन त्यात थोडं वाढवून सांगितलेलं असेल. जुन्या पत्र्याला तेवढी मुभा द्या.

माझा जन्म तेहरानच्या एका कारखान्यातला, पण मी कामाला लागलो काशान शहरात, एका शिंप्याच्या गच्चीवर. काशानचा उन्हाळा असा की दुपारी चिमण्या उडत नाहीत, चालत जातात, आणि त्याही भिंतीच्या सावलीसावलीनं. अशा गावात माझा वारा ज्या दुकानात शिरे, त्या दुकानाला गिऱ्हाइकांची काय वाण असणार? एक गृहस्थ तर अकरा उन्हाळे एकाच कोटाचं माप द्यायला येत होते. शिंपी टेप गळ्यात अडकवून त्यांना म्हणे, "मालक, तुमची छाती दर आठवड्याला बदलते हो!" आणि ते डोळे मिटून म्हणत, "बदलणारच. परत घ्या. सावकाश घ्या." तो कोट शेवटपर्यंत शिवला गेला नाही.

बावीस वर्षं मी त्या दुकानाला गारवा दिला. मग शिंप्याच्या जावयानं भिंतीवर एक पांढरं, गुळगुळीत, बिनपाण्याचं यंत्र बसवलं. मला दोरानं खाली उतरवलं. गल्लीतून एक निळी गाडी भोंग्यावर ओरडत चालली होती, "जुना कूलर घेतो, जुना फ्रिज घेतो, मोडका बंब घेतो!" नावांच्या यादीत माझं नाव फ्रिजच्याही आधी होतं. मान म्हणायचा तर तेवढाच.

त्या गाडीत मी मोडक्या बंबावर आडवा पडलो असताना एक लुकडा म्हातारा चाकाला हात लावून उभा राहिला. डोक्यावर लोकरीची टोपी, मिशा तपकिरी, आणि हात असे की दहाही बोटांना तांब्याचा रंग. हा शुक्रुल्ला. मशहदची यात्रा करून आलेला म्हणून सगळे त्याला मशदी म्हणत.

"याचा पंप चालतो का?" त्यानं विचारलं.

"काका, चालतो म्हणजे पळतो!" गाडीवाला म्हणाला. "पळून जाईल म्हणून तर बांधून ठेवलाय."

"आणि पंखा?"

"पंखा थेट विमानाचा."

"मग विमान कुठाय?"

"ते पुढच्या गल्लीत विकलं."

मशदी हसला आणि मला घेऊन गेला. माझ्या आयुष्यात मला कुणी भंगारातून उचललं ते असं, हसत हसत.

मशदीचं गाव काशानहून वर, डोंगराच्या कुशीत. तिथं घरोघरी गुलाबपाणी काढतात. वर्षातून एकच महिना. पहाटे ऊन पडायच्या आत फुलं खुडायची, त्याच दिवशी ती पाण्यासकट मोठ्या तांब्याच्या देगीत घालायची, झाकण पक्कं बसवायचं आणि खाली जाळ लावायचा. झाकणातून निघालेल्या नळीनं वाफ बाहेर येते ती तांब्याच्या घागरीत. घागर हौदातल्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेली, तरंगू नये म्हणून वर दगड ठेवलेला, तोंडाला ओलं फडकं गुंडाळलेलं. गार पाण्यातल्या घागरीत वाफ शिरली की तिचं पाणी होतं. तेच गुलाबपाणी.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. फुलांची पोती गल्लीतून जातात तेव्हा वास येतो, तो येऊ दे. पण देग चढल्यावर गल्लीला वास आला, तर ते घर बुडालं म्हणून समजावं. वास म्हणजे वाफ, आणि वाफ बाहेर आली म्हणजे ती घागरीत उतरली नाही. हौदातलं पाणी तापलं की हेच होतं. घागर गरम, वाफ तशीच फडक्यातून बाहेर, आणि वर्षभराचे गुलाब वाऱ्यावर. म्हणून त्या गावात एकमेकांची चौकशीही वेगळी. "काय हो, आज देग लावलीच नाही वाटतं?" असं कुणी विचारलं की घरवाली खूश होते.

पूर्वी हे हौद गार ठेवायला काही करावं लागत नसे. डोंगरातून जमिनीखालून एक नहर येई आणि घरोघरच्या हौदांतून वाहत पुढे जाई. वाहतं पाणी घागरीची ऊब घेऊन जाई. मग नहर आटत गेली. आधी मनगटाएवढी धार, मग अंगठ्याएवढी, मग आठवड्यातून एकदा पाळी. हौदात पाणी होतं, पण ते थांबलेलं. तासाभरात त्याचा चहा होई. गावातल्या निम्म्या देगी पालथ्या पडल्या. मशदीच्या डोक्यात मात्र काशानच्या गच्च्यांवरचे आम्ही कूलर बसले होते. तो म्हणे, "लोक कूलरचा वारा खातात. त्याच्या तळातलं पाणी किती गार असतं ते कुणी बघितलंय का?"

त्यानं मला हौदाच्या काठावर विटांवर बसवलं. माझ्या पंपाला लांब नळी लावली. हौदातलं तापलेलं पाणी माझ्या ताट्यांवर चढवायचं, ते वाऱ्यात निवत खाली यायचं, आणि पुन्हा हौदात सोडायचं. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. नहरीची गरज नाही, दिवसाला चार बादल्या वाऱ्यावर उडतात तेवढ्या भरल्या की झालं.

भिंतीवरून शेजारचा हैदर डोकावला. हा हैदर कुणालाही सुखानं काम करू देत नसे.

"मशदी, देगीला उकडतंय का रे? कूलर लावलास तो!"

"देगीला नाही, घागरीला."

"मग घागरीला एक पंखाही घे हातात धरायला. आणि माझ्या म्हशीला?"

"तुझ्या म्हशीला काय करायचाय? तिचा मालकच थंड आहे."

पहिल्या दिवशी मी जीव तोडून चाललो, आणि पहिल्याच दिवशी गल्लीभर वास सुटला. हैदरनं भिंतीपलीकडून मोठ्यानं नाक ओढून दाखवलं. मशदी माझ्याभोवती फिरत राहिला. पट्टा ताणला, ताट्या भिजवल्या, माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या. मी तरी काय करणार? माझ्याकडून पाणी गारच जात होतं.

मग त्याची बायको पुढे आली. तिचं नाव गौहर. गावात तिला गौहरखाला, म्हणजे गौहरमावशी, म्हणत. कंबरेत वाकलेली, पण जीभ ताठ. तिनं बाही वर सारली आणि हौदात हात घातला. आधी वर, मग कोपरापर्यंत खाली.

"मशदी, तू पाणी कुठनं उचलतोयस?"

"तळातनं."

"आणि सोडतोस कुठं?"

"वर."

"अरे देवा! तळातलं पाणी गारच आहे. त्याला आणखी गार करून तू वर ओततोस, आणि वरचं उकळतं पाणी घागरीच्या गळ्याला मिठी मारून बसलंय. माझ्या बापानं तुला मुलगी देताना काय बघितलं?"

"माझ्या मिशा."

"मिशांनी पाणी गार होत नाही. वरनं उचल, तळात सोड."

मशदीनं नळ्या उलट्या केल्या. अर्ध्या तासात वास गेला. संध्याकाळी घागर काठोकाठ होती. गावानं मशदीची पाठ थोपटली, आणि त्यानं प्रत्येकाला हेच सांगितलं की युक्ती त्याचीच. गौहरखाला आत भांडी घासत होती. तिनं आतूनच म्हटलं, "सांग, सांग. मिशांनी केलं म्हणून सांग." पण मला माहीत आहे ती हसत होती. मी हौदाच्या काठावर असतो, मला सगळं दिसतं.

ते माझे मानाचे दिवस, मित्रांनो. नऊ मोसम. दुसऱ्या गावचे लोक मला बघायला येत. एकदा तर मी इतका गार चाललो की हौदातल्या बेडकानं पडसं झालं म्हणून तीन दिवस आवाज केला नाही. मशदी दर वर्षी मोसमाआधी माझ्या ताट्या बदली, तळातला चुना खरवडी, पट्ट्याला हात लावून बघी. तेच पाणी फिरत राहिलं की उडून जातं ते पाणी, मागे राहतो तो चुना. म्हणून रोज एक बादली काढून झाडांना घालायची आणि ताजी ओतायची, हा त्याचा नेम. मला बोलता येत असतं तर मी त्याला एवढंच सांगितलं असतं की तुझे हात माझ्या पोटात असले की मला बरं वाटतं.

दहाव्या मोसमात, गुलाबाच्याच महिन्यात, मशदी गेला. खुडणी चालू होती. तो वाफ्यात झाडाला टेकून बसला आणि उठला नाही. ओटीत फुलं होती.

त्याचा मुलगा सियामक बारा वर्षं दक्षिणेला बंदरावर मालट्रक चालवत होता. तो परत आला आणि इथंच राहिला. चांगला मुलगा. मी त्याला वाईट म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. पण तो गावातून गेला तेव्हा नहर वाहत होती. हौद गार ठेवावा लागतो हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तो आपोआप गार असे. आणि परक्या मुलखात ट्रकमध्ये बसून घराची आठवण काढताना माणूस त्या आठवणीत वास भरून घेतो. सियामकच्या आठवणीतली गल्ली बारमाही गुलाबानं दरवळत होती.

गुलाबाच्या मोसमात शहरातून पाहुणे येतात. सियामक आपल्या गाडीतून त्यांना आणी, अंगणात गालिचा टाकी, चहा देई, देग दाखवी. घर त्यावर चाले. गौहरखालाला ते फारसं आवडत नसे, पण ती खपवून घेई.

वर्ष फिरलं. मशदीची बरसी त्या गुरुवारी होती. तिकडे कबरीच्या दगडावर गुलाबपाणी ओतून तो धुतात, आणि गौहरखालानं ठरवलं होतं की मशदीचा दगड ती स्वतः काढलेल्या पाण्यानं धुणार. हैदरनं भिंतीवरून विचारलं होतं, "खाला, माझ्याकडच्या दोन बाटल्या घे की."

"तुझं पाणी तुझ्या बापाच्या दगडाला," ती म्हणाली. "माझा माणूस या वाफ्यात गेला. या वाफ्याचंच पाणी त्याला."

पण वाफे सुकत चालले होते. नहरीबरोबर झाडंही आटली. सबंध मोसमात एकच सकाळ अशी आली की सगळ्या झाडांना एकदम फुलं होती. खाला पहाटे गेली, वाकून वाकून खुडत राहिली. पंधरा किलो. एक लहान देग. उद्यापासून झाडांवर ओंजळभर कळ्या उरणार होत्या, त्यांची देग होत नाही. म्हणजे जे काही मिळणार ते आजच, या एका देगीतून.

तिनं झाकणाला कणकेची चिकटवण लावली, जाळ लावला, घागरीवर दगड ठेवला, माझं बटण दाबलं. मी सुरू झालो. मग तिला बरसीच्या जेवणाचं सांगायला चार घरी जायचं होतं.

"सियामक, इकडे ये. आगीकडे बघत बसू नकोस. आग स्वतःकडे बघून घेते. पाण्याकडे बघ. वरच्या पाण्यात कोपर घालायचं. कोपराला चटका बसला तर मला बोलाव."

"हो आई."

"हो नको म्हणूस. घालून दाखव."

त्यानं कोपर घातलं. "गार आहे."

"असंच राहायला पाहिजे. बापाची घागर आहे ही." आणि ती भिंत धरत धरत गेली.

ती गेली आणि पाहुण्यांची गाडी आली. एक दिवस आधीच. सियामकनं येऊ नका म्हटलं नाही. म्हणणार कसं? लांबून आले होते. अकराजण होते. त्यांनी गालिच्यावर बसकण मारली, चहा घेतला, मोबाइल काढले. काळा चष्मा लावलेल्या एक बाई नाक वर करून म्हणाल्या, "हे काय हो? गुलाबाच्या गावाला आलो आणि वासच नाही!"

"आणि ही घरघर कसली?" दुसरा म्हणाला. "तुम्ही बोलता ते ऐकूच येत नाही."

"तो कूलर बाजूला करा ना जरा. फोटोत घाण दिसतो."

मित्रांनो, मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी घाण दिसतो हे खरं आहे. सियामक ओशाळला. घरात आलेल्या माणसांना घर आवडावं असं कुणाला वाटत नाही? "पाचच मिनिटं," तो पुटपुटला. मला म्हणाला की स्वतःला, माहीत नाही. त्यानं माझं बटण बंद केलं आणि माझ्यावर लाल सतरंजी टाकली.

पंखा थांबला. पंप थांबला. सतरंजीखालच्या अंधारात मला हौद ऐकू येत होता. पाणी थांबलं की त्याचा आवाज बदलतो. आधी गप्प होतं, मग घागरीभोवती बारीक बारीक टिचक्या वाजतात. त्या वाजू लागल्या. मी आयुष्यभर थापा मारल्या, बेडकाला पडसं आणलं, शिंप्याचा कोट अकरा वर्षं अडवला. पण त्या वेळी माझ्याकडून एक साधी घरघर निघाली नाही.

पाचाची पंधरा मिनिटं झाली, पंधराची चाळीस. आणि वास आला.

"अहाहा!" काळ्या चष्म्याच्या बाई उभ्याच राहिल्या, सतरंजीच्या फटीतून मला एवढं दिसत होतं. "आत्ता कसं!"

"काय सुगंध आहे! वा, सियामकजी, वा!"

सगळे डोळे मिटून श्वास ओढू लागले. एकानं सियामकची पाठ थोपटली. आणि सियामक, बिचारा, त्याचे डोळे भरून आले. त्याच्या आठवणीतली गल्ली परत आली होती ना. तो देगीजवळ उभा राहून बापाच्या गोष्टी सांगू लागला. इतक्या छान सांगितल्या की मीसुद्धा ऐकत राहिलो. कोपराची आठवण त्याला राहिली नाही.

गौहरखाला तिसऱ्या घरातून निघाली होती. हैदर तिच्या मागे येत होता, त्यानं नंतर सांगितलं. गल्लीच्या वळणावर ती एकदम थांबली. तिनं ओढणीचं टोक नाकाला लावलं, पुन्हा काढलं. हैदर म्हणाला, "खाला, कुणाची तरी देग..." गल्लीत त्या दिवशी देग एकच होती. गुडघे गेलेली ती बाई वळणापासून घरापर्यंत धावत आली.

तिनं कुणाकडे पाहिलं नाही. सतरंजी ओढून फेकली, बटण दाबलं. मग गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी जळती लाकडं देगीखालून ओढली. सियामक "आई, आई, भाजेल" म्हणत पुढे आला, तिनं त्याला कोपरानं बाजूला सारलं. हौदात हात घातला आणि तसाच ठेवला. पाणी किती तापलं होतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं, पण तिनं हात काढला नाही.

घागर उचलायला दोन माणसं लागतात. त्या दिवशी तिनं ती एका हातानं उचलली.

पाहुणे कुजबुजत उठले. बाई म्हणाल्या, "आमच्याकडून काही चुकलं का?" गौहरखालानं वर पाहिलं. मला वाटलं, आता जीभ सुटणार. ती एवढंच म्हणाली, "नाही बाई. तुम्ही वास मागितलात, तो तुम्हाला मिळाला. चहा घेतलात ना?"

ते गेल्यावर सियामक हौदाच्या काठावर मला टेकून बसला.

"आई, जाळ परत लावू?"

"फुलांत होतं ते गेलं रे. आता लावलास तर उकडलेल्या पाल्याचं पाणी येईल."

"मी काशानला जातो. चांगलं पाणी आणतो. सर्वांत चांगलं."

"नको."

"मग हैदरकाकाकडून..."

"सियामक, मला पाणी नको होतं रे," ती म्हणाली. "मला त्याचं पाणी हवं होतं."

गुरुवारी दोघं दगडाशी गेली. परत आल्यावर खाला माझ्याजवळ बसून हैदरला सांगत होती, म्हणून मला कळलं. घागरीत वाटीभर निघालं होतं. तिनं वरून ओतायला सुरुवात केली. मशदीचं नाव भिजलं, त्याच्या बापाचं नाव भिजलं, आणि संपलं. तारखा कोरड्याच राहिल्या.

"बरंच झालं म्हण," हैदर म्हणाला. "तारखा काय धुवायच्यात? त्या जाईनात का वाहून."

"तसंच म्हणते मी," खाला म्हणाली. "पोरगा अजून बोलत नाही. तू त्याला काही बोल. शिव्या दे वाटलं तर. तुझ्या शिव्या त्याला लहानपणापासून आवडतात."

हैदरनं दिल्या. त्यात माझ्याही नावाच्या होत्या. काही उपयोग झाला नाही.

गौहरखाला त्या हिवाळ्यात गेली. ताप आला आणि चार दिवसांत संपलं. मी तेव्हा पोत्याखाली झाकलेला होतो. मला रडण्याच्या आवाजावरून कळलं, आणि सियामकचा आवाज त्यात नव्हता, त्यावरूनही.

वसंतात त्यानं माझ्यावरचं पोतं काढलं. ताट्या सोडवल्या, तळात वाकून चुना खरवडला. त्याच्या बापाच्या हातांपेक्षा त्याचे हात कच्चे आहेत, पण दोनदा खरचटूनही तो थांबला नाही. नहर तोवर पूर्ण आटली होती. तो पिण्याच्या पाण्यातून बादल्या वाचवून झाडांना घालत होता. आठ किलो फुलं झाली. सर्वांत लहान देग त्यानं धुऊन लावली.

फाटकाशी पाहुण्यांची गाडी थांबली. "आज नाही," तो म्हणाला. "आज इथं काहीच वास येणार नाही." आणि त्यानं फाटक लावून घेतलं.

तीन तास तो काठावर बसून होता. दर थोड्या वेळानं कोपर वरच्या पाण्यात. मीही असा चाललो की माझे सगळे खिळे सैल झाले. यात थाप नाही, मित्रांनो, दुसऱ्या सकाळी तीन खिळे खाली सापडले. गल्लीला काही कळलं नाही. हैदरसुद्धा भिंतीवरून डोकावला नाही, त्याला वाटलं आज काम नाही.

घागर भरली. खरंच भरली, गळ्यापर्यंत. दोन दगड धुऊन उरेल एवढी. सियामकनं बोट बुडवून एक थेंब मनगटावर लावला. गौहरखाला असंच करी, थेंब वाळू द्यायची, मग हुंगायची आणि "बरं झालंय" म्हणायची. बनावट असेल तर वाळल्यावर वास जातो, खरा असेल तर वाळल्यावरच येतो. सियामकनं थेंब वाळू दिला. मग मनगट नाकाशी न नेता त्यानं हात लांब केला, स्वयंपाकघराच्या दाराकडे, जसा लहानपणी आईपुढे करत असेल. आणि तसाच उभा राहिला. मग त्यानं हात खाली घेतला आणि माझं बटण बंद केलं.

तर मित्रांनो, मी पत्र्याचा जुना डबा, मी तुम्हाला काय शिकवणार? पण इतकी वर्षं हौदाच्या काठावर काढली म्हणून दोन गोष्टी मागतो. तुमच्या घरात कुणी एका कोपऱ्यात घरघर करत असेल, फोटोत चांगलं दिसत नसेल, तर त्यावर सतरंजी टाकण्याआधी एकदा पाण्यात कोपर घालून बघा, ते काय सांभाळतंय ते. आणि घरात "बरं झालंय" म्हणणारं माणूस आहे तोवर त्याच्यापुढे हात करा. वाटीभर असेल तरी करा. घागर भरायची वाट बघू नका.